बंदराची सातवी पायरी

परुळे बाजारात माझं मेडिकल.
काउंटरवर पहिल्या रांगेत कॅल्शियमच्या बाटल्या,
गुलाबी झाकण, वर हसणारी एक बाई
जिला परुळ्यात कुणी कधी पाहिलेलं नाही.
महिन्याला चाळीसेक खपतात.
एजंट म्हणतो, पन्नास करा, मिक्सर देतो.

चंद्रभागा कोयंडे निवतीहून यायची
साडेदहाच्या एस.टी.नं.
कनवटीच्या नोटांना सुक्या बांगड्याचा वास.
"त्यो हाडांच्यो गोळयो दी," म्हणायची,
मीठ मागावं तशी.
दोन वर्षं. एक दिवस चुकली नाही.
आठवड्याला एक डी जीवनसत्त्वाची पुडी, दुधातून;
दूध शेजारणीचं, उसनं.

आणि ऊन?
पन्नास वर्षं वाळूवर पेडवे पसरले, परतले,
गोलमो राखला, कावळे हाकलले,
मान भाजल्या काजूबीसारखी झालेली.
तिला मी उन्हाची पुडी विकत होतो.
पावतीसकट.

तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात
मुलगा आला, एकटाच.
एक्स-रे त्यानं माझ्या ट्यूबलाइटसमोर धरला.
"बघा."
बघितलं.
काळ्या पाण्यात पांढरं मनगट,
त्यात केसाएवढी चीर, आणि तिच्यापुढं हाड
थोडं बाजूला सरकलेलं,
बाकावर दुसऱ्याला जागा द्यावी तसं.
त्यानं काही विचारलं नाही.
मी उगाच कात्री शोधत राहिलो.

रात्री डॉक्टर नेरूरकरांना फोन केला.
त्या जेवत होत्या.
म्हणाल्या, हजारो माणसांवर बघून झालंय हे,
घरात राहणारी, चालती-फिरती माणसं.
काहींना खरी गोळी, काहींना नुसती दिसायला तशी.
मोडायची ती दोन्हीकडे मोडली,
जवळजवळ सारखीच.
वर कुणाकुणाला मुतखडा.
ज्याच्या रक्तातच कमी आहे, हाडं पोखरलीत,
त्याचं वेगळं, त्याला आम्ही लिहून देतो.
मग भाताचा घास गिळून:
दुकान बंद करू नकोस हो एवढ्यासाठी.

पौषात ती स्वतः आली.
प्लास्टर निघालेलं, हात बारीक, फिकट,
जणू दुसऱ्याच कुणाचा आणून लावलेला.
सवयीनं मी बाटली उचलली,
मग हात तसाच मागं नेला.
तिनं ते पाहिलं.

"माझो बापूस शिंपले भाजी, चुनो करी.
अर्ध्या गावाची घरां त्या चुन्यार उबी.
दिसभर पानाक लावन खाय तो चुनो.
माडावरसून पडलो, तेवां मोडलोच मां?"

पडलीस कशी, हे मी तेव्हा विचारलं.
पहिल्यांदाच.
बंदराची सातवी पायरी.
बर्फाच्या पेट्यांचं पाणी तिच्यावरून वाहतं,
जांभा शेवाळून हिरवा,
डोक्यावर टोपली,
चष्मा चार वर्षांपूर्वीचा, तोही घरी.
धरायला काही नाही.

"हाडाक गोळी दिलंस रे झिला," ती म्हणाली,
"पायरेक खंयची दितलंस?"

ग्रामपंचायतीत अर्ज दिला. पोच मिळाली.
पुढच्या रविवारी तिच्या मुलानं
जुन्या शेडचा पाइप काढला, मी सिमेंट नेलं,
दोघांनी मिळून तिरका बसवला.
कुणीतरी म्हणालं, लग्नघर आसा काय?
शेवाळ खरवडताना माझाच पाय गेला,
पाइप अजून ओला होता, तोही हलला.

आता त्यावर सकाळी जाळी वाळत घालतात.
ती येते, शिव्या देते,
जाळं कोपरानं बाजूला सारते,
त्या फिकट हातानं पाइप धरते
आणि एकेक पायरी उतरते, टोपलीसकट,
पाण्याकडे बघत, पायांकडे बघत.

गेल्या महिन्यात एकतीस बाटल्या खपल्या.
मिक्सर काही आला नाही.